केरिनचं संथ पाणमांजर

केरिन ट्रेझीस माझ्या दुकानात पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या काखेत टॉवेलमध्ये गुंडाळलेलं काहीतरी होतं. आजारी कोंबडी आणावी तसं तिने ते जपून टेबलावर ठेवलं आणि टॉवेलचं टोक उचललं. आत टीव्हीला जोडायचा जुना व्हिडिओ गेमचा डबा होता. काळा, कोपरे झिजलेला, वर अर्धवट सोललेलं एक स्टिकर.

"बोटीवरचं नाहीये," ती म्हणाली. "पण आत तारा आहेत. चालेल ना तुला?"

माझं दुकान दक्षिण ऑस्ट्रेलियात, पोर्ट लिंकनच्या धक्क्यावर आहे. ट्यूनाच्या बोटींचे रेडिओ आणि मासे हुडकायची यंत्रं मी दुरुस्त करते. खारी हवा तारा खाते आणि त्यावर माझं पोट चालतं. असला डबा मात्र आजवर कुणी आणला नव्हता.

केरिनला मी ओळखत होते. ती शाळेची बस चालवते. सकाळी शेतांवरची पोरं गोळा करून आणायची, दुपारी परत नेऊन सोडायची. आमचं घर वानिलाच्या रस्त्याला, त्यामुळे माझी सगळी शाळा तिच्याच बसमधून झाली.

"मागच्या सीटखाली च्युइंगम चिकटवायचीस ती तूच ना, ब्रॉन?"

"ते माझा भाऊ करायचा."

"तो म्हणायचा, तू करतेस."

"तो अजूनही तेच म्हणतो."

ती हसली, पण डब्यावरची नजर काढली नाही. मी स्क्रू काढले. आत दोन कपॅसिटर फुगून गळले होते. ते बदलले, जोडणीची पट्टी स्पिरिटने पुसली, आणि दुकानातल्या जाड पाठीच्या जुन्या टीव्हीला डबा जोडला. तोवर केरिनने पिशवीतून एक नाही, दोन कंट्रोलर काढले.

"दुसरा कशाला?"

"त्याच्याशिवाय छोटं हलत नाही."

टीव्हीवर नदी उमटली. आमच्या गावात हा खेळ 'पाणमांजर' याच नावाने ओळखला जायचा. डब्यावरचं छापील नाव कुणी घेत नसे. एक मोठं पाणमांजर आणि एक छोटं. दोघांनी मिळून खडक, धबधबे, ओंडके पार करत नदीच्या उगमाकडे जायचं. एक पाण्यात पडलं की दोघंही मागे. शेवटी येतो ओंडक्यांचा पूल. त्याच्या प्रत्येक ओंडक्यावर पाय ठेवला की तो थोड्या वेळात खाली निसटतो, त्याआधी अगदी टोकावरून उडी मारावी लागते.

"हा पूल आम्ही कधीच पार केला नाही," केरिन म्हणाली. "मी मोठं, लाइल छोटं. तिसरीत होता. एकदा शेवटच्या ओंडक्यापर्यंत पोचलो होतो, आणि आईने जेवायला हाक मारली."

"मग?"

"मग काय. मग तो गेला."

लाइल मेला नव्हता. त्यांचे वडील कॅनडाचे, नोव्हा स्कोशाचे. इथे कोळंबीच्या बोटीवर कामाला आले, लग्न केलं, आणि काही वर्षांनी ते मोडलं. दोन मुलं होती, दोघांनी एकेक वाटून घेतलं. लाइल वडिलांबरोबर गेला. डबा केरिनकडे राहिला. वडिलांनी तिकडे गेल्या गेल्या लाइलला तसाच दुसरा घेऊन दिला, तोच खेळ घालून. हे त्याने नाताळच्या फोनवर सांगितलं, तेव्हा केरिनला फार बरं वाटलं होतं. जगाच्या दोन टोकांना का होईना, दोघं एकाच पुलावर आहेत.

त्यानंतर वर्षं गेली. फोन नाताळला येतच राहिला.

"काय बोलता तुम्ही?" मी विचारलं.

"तो विचारतो, तिकडे गरम आहे का. मी म्हणते, चाळीस. मी विचारते, तिकडे थंडी आहे का. तो म्हणतो, गाडी सापडत नाहीये बर्फात. मग दोघं गप्प. मग तो म्हणतो, बरं, फोनला पैसे पडतात. आता पडतही नाहीत, ब्रॉन. तरी म्हणतो."

तिला काय हवं होतं, ते मला त्या दिवशी कळलं. तिला लाइलबरोबर तो पूल पार करायचा होता. बोलायचं नव्हतं, भेटून मिठ्या मारायच्या नव्हत्या. तो छोटं चालवेल, ती मोठं. तो तिथून, ती इथून.

पण जुना खेळ एकाच टीव्हीसमोर बसून खेळायचा होता. म्हणून केरिनने खेळाचं इंजिनच नव्याने बांधायला घेतलं होतं.

इंजिन म्हणजे खेळाच्या पोटातली यंत्रणा. चित्रं आणि संगीत वरचं कातडं झालं. पाणमांजर किती उंच उडतं, किती जोरात खाली येतं, ओल्या खडकावर किती घसरतं, भिंत कशाला म्हणायचं, हे सगळं इंजिन ठरवतं. जगभर असे हौशी लोक आहेत की जे आपल्या लहानपणीच्या खेळाचं इंजिन उलगडतात, आजच्या कॉम्प्युटरवर पुन्हा उभं करतात, आणि त्यावर स्वतःच्या नद्या, स्वतःचे पूल रचतात. विकायचं नाही, फुकट वाटायचं, हा त्यांचा रिवाज. पाणमांजराचं असं एक इंजिन अशाच कुणीतरी आधी बांधून खुलं ठेवलं होतं. केरिनने ते घेतलं आणि त्यात बदल सुरू केले. कुणालाही आपली नदी सहज रचता यावी, आणि दूर बसलेल्या दोघांना एकत्र खेळता यावं. नाव ठेवलं 'जेटी', म्हणजे धक्का.

हे सगळं ती बसमध्ये शिकली. सकाळची पोरं शाळेत सोडली की दुपारच्या फेरीपर्यंत तिला मोकळा वेळ असतो. बाकीचे ड्रायव्हर घरी जाऊन झोपतात. ही बस किनाऱ्यावर लावून स्टिअरिंगवर फळी आडवी टाकते आणि तिच्यावर लॅपटॉप ठेवते. मी कधी दोन पेस्टी, म्हणजे खिमा भरलेल्या भाजक्या करंज्या, आणि सॉस घेऊन जायचे. ती खायची, सीगल खिडकीवर चोच आपटायचे, आणि आम्ही दोन कॉम्प्युटरना पावलाला पाऊल लावून चालायला कसं शिकवावं यावर भांडायचो. कारण लांबच्या दोघांनी खेळायचं म्हणजे दोन्हीकडची घड्याळं एकाच चालीने चालायला हवीत. एक जरी पुढे गेलं, तरी तिच्या पडद्यावर छोटं ओंडक्यावर उभं असणार आणि त्याच्या पडद्यावर पाण्यात.

"हे मी केलं असतं महिन्यात," मी एकदा फुशारकी मारली.

"तुला बस चालवता येते का?"

"नाही."

"मग खा गप."

मूळ इंजिनमधली एक गोष्ट मात्र तिला सुरुवातीपासून खटकत होती. त्यातलं पाणमांजर फार घाईत होतं. संगीतही चिरकं वाजायचं. तिने आपल्या घरचा डबा, मी दुरुस्त केलेला, टीव्हीवर लावून प्रत्येक उडी फोनवर चित्रित केली, ताडून पाहिली आणि त्याप्रमाणे जेटीतला एकूण एक आकडा बदलला. पाणमांजर तिला आठवत होतं तसं झालं. दमदार, जड, उडीच्या टोकाला जरासं हवेत रेंगाळणारं. मग तिने जेटी जगासमोर ठेवली आणि सोबत लिहिलं: "मूळ इंजिनात पाणमांजर उगाच पळत होतं. मी दुरुस्त केलं आहे."

दुसऱ्या दिवशी बसमध्ये गेले तर ती पेस्टीला हात लावेना.

"वाच," ती म्हणाली आणि लॅपटॉप माझ्याकडे फिरवला.

ओहायोच्या डेल्बर्ट नावाच्या कुणीतरी लिहिलं होतं, बाईंच्या पाणमांजराला मधाच्या बरणीत बुडवलंय का? दुसरा म्हणत होता, संगीत ऐकून वाटलं वाजवणारे जेवून झोपायला निघालेत. त्याच्याखाली हसणाऱ्या तोंडांची रांग. शेवटी न्यूझीलंडच्या पीटा नावाच्या माणसाने लिहिलं होतं: "हसू नका रे. आमच्याकडे ते असंच होतं. आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं."

"काय सांगितलं नव्हतं?" केरिनने मला विचारलं. "तू टीव्ही उघडतेस. तुला माहीत असेल."

मला माहीत होतं, पण मी कधी दोन गोष्टी जोडल्या नव्हत्या. आपल्याकडचे जुने टीव्ही सेकंदाला पन्नास चित्रं काढायचे. अमेरिका, कॅनडा, जपान तिकडचे साठ. खेळ बनवणाऱ्यांनी तो साठाच्या हिशोबाने बनवला, आणि आमच्याकडे पाठवताना आतले आकडे बदलायची तसदी घेतली नाही. त्यामुळे आमच्याकडे सगळं सावकाश झालं. उडी सावकाश, पडणं सावकाश, संगीत खालच्या पट्टीत. एका पूर्ण पिढीने या बाजूच्या किनाऱ्यांवर संथ नदी पार केली आणि तीच खरी मानली.

"म्हणजे माझा डबा बिघडलेला नाही."

"नाही."

"आणि त्यांचंही इंजिन बिघडलेलं नव्हतं."

"नाही."

ती पलीकडे पाण्यात उभ्या असलेल्या बोटींकडे बघत राहिली. आधी मला वाटलं, लोक हसले म्हणून तिला लाज वाटतेय. मग माझ्या लक्षात आलं की तिचा विचार पुढे गेला होता.

"लाइलकडे साठ असणार," ती म्हणाली.

"हो. कॅनडा."

"पण आधी इथे खेळलाय तो. तिसरीपर्यंत. हे असं जात नाही, ब्रॉन. बोटांत राहतं."

"त्याला विचार ना. फोन करून विचार, तुला हळू आठवतं की जलद."

"विचारलं तर तो हो म्हणेल. मला बरं वाटावं म्हणून. स्वभावच तसा आहे त्याचा. बोटांना खेळू दे, बोटं सांगतील."

मी जेटीत एक कळ बसवून दिली. पन्नास किंवा साठ, ज्याला जे हवं ते. त्या कळीवर जग खूश झालं. डेल्बर्टने माफीसुद्धा मागितली, आणि लोकांनी जेटीवर आपापल्या नद्या रचायला सुरुवात केली. पीटाने तर त्याच्या गावची नदी केली, ईल मासे घालून. केरिन रोज त्या बघायची आणि कुणाचं काही अडलं तर सोडवून द्यायची. पण तिच्या स्वतःच्या मशीनवर कळ पन्नासवरच राहिली.

लाइल कबूल झाला. तो शेवंडं, म्हणजे लॉबस्टर, पकडणाऱ्या बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. आपली बहीण इंजिन बांधते म्हटल्यावर त्याला आधी वाटलं होतं, बोटीचंच. आमच्या रविवारी सकाळी, म्हणजे त्याच्या शनिवारी संध्याकाळी, दोघं माझ्या दुकानातून जोडले गेले, कारण गावात नेट त्यातल्या त्यात बरं माझ्याकडेच. केरिनने केस धुतले होते. बसच्या कोटाशिवाय मी तिला पहिल्यांदाच बघत होते.

पडद्याच्या कोपऱ्यात एक जाड मानेचा, टक्कल पडलेला माणूस आला.

"केझ," तो म्हणाला. त्याचं बोलणं पूर्ण तिकडचं झालं होतं, पण हाक इकडची, लहानपणची होती.

"केस कुठे ठेवलेस रे?"

"बोटीवर. थंडीत दोर म्हणून लागतात."

"बरं. छोटं तुझं."

"अजून छोटंच? चाळिशी आली माझी."

"छोटंच."

नदी सुरू झाली. पन्नासने. पहिला खडक दोघांनी पार केला, दुसऱ्यावर छोटं लवकर उडालं आणि आपटलं. मग धबधब्याशी. मग पूल. केरिन ओंडक्याच्या टोकापर्यंत जायची, थांबायची, उडायची. छोटं मात्र टोक यायच्या आधीच उडत होतं आणि नेमकं दोन ओंडक्यांच्या मधल्या पाण्यात पडत होतं. पुन्हा, आणि पुन्हा.

"तुझं नेट अडकतंय का?" लाइल म्हणाला. "काहीतरी ओढतंय. पाण्याखाली चालल्यासारखं वाटतं."

"नेट ठीक आहे."

"मग हे ते नाहीये, केझ. दिसायला आहे, पण ते नाही."

मला राहवलं नाही, मी मागून म्हटलं, "इकडे असंच होतं. टीव्हीमुळे. तुम्ही इथे होतात तेव्हा हेच खेळायचात."

"हो का?" तो म्हणाला. "मला वाटलं होतं, सुरू झालं की आठवेल. सगळा आठवडा वाट बघत होतो मी. पण नाही गं आठवत. मला आठवतो तो बाबाच्या घरचा. इथल्या खोलीतला."

"तो जलद होता."

"असेल. मला काय माहीत, मी एकटाच होतो. दुसऱ्या कंट्रोलरला कोणी नव्हतं, म्हणून तो जमिनीवर ठेवायचो आणि मोठं पायाच्या अंगठ्याने चालवायचो. छोटं हाताने, मोठं पायाने. ते सारखं बुडायचं. बाबा म्हणायचा, एकट्याने खेळायचं दुसरं काहीतरी घे. मी म्हणायचो, मी एकटा नाहीये, केझचा पाय झोपलाय."

केरिनने हसण्यासारखा एक आवाज काढला. मग कळ साठवर नेली आणि म्हणाली, "तुझं घे."

आता छोटं पाखरासारखं निघालं. ओंडक्यावरून ओंडक्यावर, एकदाही न चुकता, थेट पलीकडच्या काठापर्यंत. तिथे ते उभं राहिलं, कारण मोठं आल्याशिवाय खेळ पुढे सरकत नाही. मोठं येत नव्हतं. केरिन नेहमीच्या जागी पोचेपर्यंत ओंडका निसटलेला असायचा. ती पडली की तोही मागे यायचा, पुन्हा सहज पलीकडे जायचा, पुन्हा उभा राहायचा.

"घाई कर," तो म्हणाला.

"करतेय."

"तू टोकाची वाट बघतेस. बघू नकोस."

"मला येत नाही, लाइल."

"मी तुझा अंगठा चालवू का? पायाचा?"

"गप रे."

तिने कंट्रोलर मांडीवर ठेवला. त्या दोन वेगांतला एकेक दोघांच्या बोटांत रुतला होता, आणि दोघांची घड्याळं एकाच चालीने चालवल्याशिवाय खेळ होणार नव्हता. हे मीच तिला बसमध्ये पन्नास वेळा सांगितलं होतं. मला वाटलं, ती आता तब्येतीचं, हवेचं विचारेल आणि तो म्हणेल, फोनला पैसे पडतात.

केरिनने कीबोर्ड ओढला. जेटीचं पान उघडलं, जिथे मी कळ बसवली होती ती ओळ शोधली, आणि पन्नास आणि साठ दोन्ही पुसून तिसराच आकडा लिहिला. मग तेच लाइलच्या मशीनकडे पाठवलं.

"पंचावन्न?" तो वाचत म्हणाला. "हे कुठलं? हे कोणाकडे होतं?"

"कोणाकडेच नाही."

"मग कशाला?"

"तुला येत नाही, मलाही येत नाही. चल."

पहिल्याच खडकावर दोघं एकदम आपटले. मी पेस्टी आणायला बाहेर पडले. तिथे बसून राहणं मला बरं वाटेना. परत आले तेव्हा शटर अर्धं खाली होतं आणि आतून आवाज येत होते. लाइल एका ओंडक्याला तिकडची घाण शिवी देत होता. केरिन त्याला सांगत होती की माझ्याकडे बघ, मी उडाले की तू उडायचं, आणि तो म्हणत होता, तू तर बुडालीस. मग दोघंही बुडाले. मग त्याच्या मागून कुणीतरी, बहुतेक त्याची बायको, जेवायला ये म्हणाली.

"पाच मिनिटं," तो ओरडला. केरिन इकडे एकदम ताठ बसली.

त्या पाच मिनिटांत ते तिसऱ्या ओंडक्यापर्यंत पोचले. जुन्या सगळ्या सवयी निरुपयोगी होत्या. दोघं नुकतं चालायला लागल्यासारखे पाय टाकत होते, चुकत होते, आणि एकमेकांची चूक बघून पुढचं पाऊल ठरवत होते. पूल पार झाला नाही.

"जायला हवं," लाइल म्हणाला. "थंड होईल."

"जा."

"पुढच्या शनिवारी?"

"माझा रविवार."

"तुझा रविवार," तो म्हणाला आणि कोपऱ्यातला त्याचा चेहरा गेला.

केरिनने खेळ बंद केला नाही. छोटं पुलाच्या अलीकडच्या काठावर उभं होतं, चालवणारं कुणी नसलं की करतं तसं शेपूट हलवत. मोठं त्याच्या शेजारी. कंट्रोलर तिच्या हातात होता, पण ती ते पुढे नेत नव्हती.

"खाऊन घे, गार होतेय," मी पेस्टी पुढे केली.

"थांब जरा," ती म्हणाली.